चेरीला फुलं भरपूर, फळं गळतात आणि बुंध्यातून डिंक येतो: काय करावं?

तुमची हकिकत थोडक्यात अशी. बिंग जातीचं एकच कलम, लावून सहा वर्षं झाली. गेली तीन वर्षं झाड फुलांनी पांढरंशुभ्र होतं. फळं वाटाण्याएवढी होतात, पिवळी पडतात आणि आठवड्याभरात झाडाखाली त्यांचा सडा पडतो. उरलेली दहा-बारा पक्षी नेतात. दर हिवाळ्यात बाकीच्या फळझाडांबरोबर याचीही छाटणी होते, पाणी रोज, खत वर्षातून दोनदा. गेल्या वर्षापासून बुंध्यातून मधाच्या रंगाचा डिंक येतोय. फळं का गळतात, डिंकाचं काय करायचं, झाड काढून दुसरं लावावं का, हे तुमचे तीन प्रश्न.

फुलं भरभरून येतात हे तुम्ही ओघात सांगितलंत, पण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची माहिती तीच. चेरीला हिवाळ्यात थंडीचे ठरावीक तास लागतात. साधारण ० ते ७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान गोड चेरीच्या बहुतेक जातींना ७०० तासांच्या वर, काहींना हजाराच्याही वर. तेवढी थंडी मिळाली नाही तर कळ्या अर्धवट जाग्या होतात. फुलं थोडी थोडी, तीन-चार आठवडे रेंगाळत येतात, कधी पानं आधी येतात, फांद्यांचे लांबच लांब तुकडे उघडे राहतात. तुमचं झाड एकदम फुलतंय, म्हणजे थंडी पुरतेय. या बाबतीत माणसाच्या हातात जवळजवळ काही नसतं. बुंध्याशी बर्फ ओतण्याचा उद्योग अनेकजण करतात, पण थंडी कळ्यांना लागते, मुळांना नव्हे. तुमच्याकडे जे बिघडलंय ते सगळं हाताने दुरुस्त करता येण्यासारखं आहे.

आता फळगळ. बिंगला स्वतःचा पराग चालत नाही. गोड चेरीच्या बहुतेक जातींचं असंच आहे. फुलाच्या स्त्रीकेसरात अशी व्यवस्था असते की आपल्याच खुणेचा पराग आला तर त्याची नळी वाटेतच अडते आणि बीजांडापर्यंत पोचत नाही. फूल मात्र लगेच गळून पडत नाही. खालचा हिरवा मणी दोन-तीन आठवडे फुगत राहतो, म्हणून बघणाऱ्याला वाटतं की फळ धरलं. मग आठळी टणक व्हायची वेळ येते, आत बी नसतं, आणि झाड ते फळ सोडून देतं. तुम्ही ज्याला फळगळ म्हणताय ती खरं तर न धरलेल्या फळांची गळ आहे. पुढच्या वेळी गळालेला एखादा मणी नखाने उभा फोडून पाहा. आत भरलेलं, पांढरं, ओलसर बी नसेल आणि नुसतं सुरकुतलेलं काहीतरी असेल, तर शंका उरत नाही.

यात एक खाच आहे आणि तिच्यात भलेभले अडकतात. 'दुसरी जात लावा' एवढंच ऐकून लोक बिंगशेजारी लॅम्बर्ट किंवा नेपोलियन आणून लावतात. नावं वेगळी, फळांचे रंगही वेगळे, पण परागाच्या हिशेबात या तिन्ही एकाच घराण्यातल्या. एकमेकींचा पराग नाकारतात. मी स्वतः बिंगजवळ लॅम्बर्ट लावून चार वर्षं वाट पाहत बसले होते. रोपवाटिकेत मला 'जोडी' म्हणूनच ती दोन कलमं दिली होती. बिंगला व्हॅन, रेनियर, ब्लॅक टार्टेरियन किंवा स्टेला चालते. स्टेलाची गोष्ट निराळीच आहे. कॅनडातल्या समरलँड इथल्या संशोधन केंद्रातून १९६८ साली बाहेर आलेली ही पहिली गोड चेरी, जिला स्वतःचाच पराग चालतो. पुढे लॅपिन्स, स्वीटहार्ट अशा स्वफलनक्षम जाती तिच्याच वंशात झाल्या. या जाती एकट्या फळतात, शिवाय शेजारणीलाही पराग पुरवतात, फक्त दोघींची फुलं एकाच वेळी उमललेली हवीत. आंबट चेरीचं झाड शेजारी असलं की काम भागेल, असं धरून चालू नका. ती बहुधा उशिरा फुलते. शोभेच्या चेरीवरही विसंबू नये.

नवं झाड लावून ते फुलायला दोन-तीन वर्षं जातील. तोवर दोन उपाय करता येतील. परिसरात कुणाकडे चालणाऱ्या जातीचं झाड असेल, तर बहराच्या वेळी त्याच्या अर्धवट उमललेल्या डहाळ्या मागून आणा आणि पाण्याच्या बादलीत घालून तुमच्या झाडाच्या फांदीला टांगा. पाणी रोज बदला, डहाळ्या सुकल्या की नव्या आणा. ऐकायला पोरकट वाटतं, पण मधमाशीच्या दृष्टीने ती डहाळी म्हणजे झाडच. दुसरा उपाय कायमचा: तुमच्याच झाडाच्या एका फांदीवर स्टेलाचा किंवा व्हॅनचा डोळा भरून घ्या. कलम करणारा माहीतगार हात हवा, पण जागा लागत नाही आणि मुळं आधीच मोठी असल्यामुळे ती फांदी नव्या झाडापेक्षा लवकर फुलते. तिला रंगीत दोरी बांधून ठेवा. नाहीतर पुढच्या छाटणीत नेमकी तीच उडते. अनुभवाने सांगते.

स्वतंत्र झाड लावायचं तर ३० मीटरच्या आत असावं. बहराच्या दिवसांत कीटकनाशकाला हात लावू नका, मग मावा दिसो की आणखी काही. हवा १२-१३ अंशांच्या खाली असेल, पाऊस किंवा जोराचा वारा असेल, तर मधमाश्या फारशा बाहेर पडत नाहीत, आणि चेरीचं फूल फळ धरायला तयार असतं ते मोजके दिवस. त्यामुळे जोडी बरोबर असूनही एखादं वर्ष रिकामं जातं. शंभर फुलांपैकी पंचवीस-तीस फळं टिकली तरी झाड लगडलेलं दिसतं, हेही लक्षात असू द्या.

गळीचं दुसरं कारण असतं बहरातला कडाका. पूर्ण उमललेल्या फुलांना उणे २ अंशांच्या आसपास इजा व्हायला लागते आणि उणे ४ च्या सुमारास बहुतेक फुलं जातात. ओळखायची खूण सोपी आहे: पाकळ्या पांढऱ्याच राहतात, पण मधली काडी काळी पडते. अशा रात्री झाडावर पातळ कापड टाकून ते जमिनीपर्यंत सोडायचं, आणि दिवसा माती ओली ठेवायची म्हणजे ती रात्री थोडी ऊब देते. तुमच्याकडे फळं वाटाण्याएवढी होऊन गळतात, म्हणून मला परागाचीच शंका जास्त आहे.

डिंकाविषयी मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण फळं एक वर्ष नाही आली तरी चालतं, झाड गेलं तर सगळंच गेलं.

डिंक हा स्वतः रोग नाही. चेरी, जर्दाळू, पीच, आलुबुखार ही सगळी एकाच कुळातली झाडं कुठल्याही जखमेला डिंक गाळून उत्तर देतात. प्रश्न आहे तो जखम कशाची. डिंकाचा गोळा बोटाने बाजूला करा आणि नीट बघा. त्यात भुसा मिसळलेला असेल, खाली छिद्र असेल, तर खोडकिडा आहे. छिद्रात लवचीक तार घालून अळी मारता येते. डिंक स्वच्छ, काचेसारखा असेल आणि शेजारची साल दाबल्यावर खोलगट, गडद लागत असेल, तर बहुधा जिवाणूजन्य करपा, ज्याला इंग्रजी नावाने बॅक्टेरियल कँकर म्हणतात. सालीचा कडेचा पातळ पापुद्रा चाकूने काढला की निरोगी भाग हिरवट-पांढरा दिसतो आणि रोगट भाग तपकिरी, कधी आंबूस वासाचा. तिसरी शक्यता मुळांची: बुंध्याच्या तळाशी, मातीलगत साल काळपट-तांबूस आणि मऊ झाली असेल तर पाणी साचून मूळकूज सुरू झालीय.

तुमची हिवाळी छाटणी आणि रोजचं पाणी बघता दुसरी आणि तिसरी, दोन्ही शक्यता मला दिसतात. इथेच चेरी बाकीच्या फळझाडांपासून वेगळी पडते. सफरचंदाला, नासपतीला हिवाळ्यात पानं गळाल्यावर छाटतात, आणि ते बरोबरच आहे. त्याच दिवशी त्याच सिकेटरने लोक चेरीकडे वळतात. पण थंड, ओल्या दिवसांत चेरीची जखम लवकर भरत नाही, आणि कँकरचे जिवाणू व सिल्व्हर लीफची बुरशी नेमक्या त्याच दिवसांत पसरत असतात. सिल्व्हर लीफमध्ये पानांवर शिशासारखी चमक येते आणि फांदी आडवी कापली तर आतल्या लाकडात तपकिरी डाग दिसतो. म्हणून चेरीची छाटणी उन्हाळ्यात, फळं उतरल्यावर, आणि पुढचे तीन-चार दिवस कोरडे जातील असं पाहून. या एका बदलाने माझ्या बागेतला डिंक जितका कमी झाला, तितका कुठल्या फवारणीने झाला नाही.

आता तुमच्या झाडाचं काय करायचं? लगेच काहीच नाही. हिवाळ्यात खरवडाखरवडी करू नका. कोरडा उन्हाळा आला की रोगट फांद्या निरोगी लाकूड लागेपर्यंत मागे घ्या, प्रत्येक कापानंतर सिकेटर स्पिरिटने पुसा. कँकर असलेल्या झाडाची फांदी खोडालगत सपाट न कापता वीतभर खुंटी ठेवून कापावी. रोग मागे सरकलाच तर खुंटीत अडकतो, खोडात उतरत नाही. सुकलेली खुंटी पुढच्या उन्हाळ्यात काढून टाका. खोडावरच चट्टा असेल तर कडेची मेलेली साल धारदार चाकूने निरोगी सालीपर्यंत काढा आणि जखम उघडी राहू द्या. वर रंग, डांबर, शेण काही लावायचं नाही. झाकलेल्या जखमेखाली ओल राहते. कापलेलं सगळं बागेबाहेर. पानगळीच्या सुमारास बोर्डो मिश्रणाची, म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याच्या पाण्याची, फवारणी पूर्वीपासून करतात, कारण गळालेल्या पानांच्या ताज्या खुणांतून जिवाणू आत शिरतात. करायला हरकत नाही. पण काही ठिकाणचे जिवाणू आता तांब्याला दाद देत नाहीत, तेव्हा सगळी भिस्त तिच्यावर नको.

पाण्याबद्दल मी जरा कडक आहे, कारण माझं पहिलं झाड मीच पाणी घालून मारलं. पानं दुपारी मलूल दिसायची, मी पाणी वाढवायचे, पानं आणखी मलूल. मुळं पाण्यात गुदमरली की वरची पानं तहानल्यासारखीच दिसतात, हे तेव्हा माहीत नव्हतं. उपटलं तेव्हा मुळं काळी, चिखलाच्या वासाची. तुमच्या जमिनीची परीक्षा आधी करा: झाडापासून दोन मीटरवर ४५ सेंटीमीटर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाला अडीच सेंटीमीटर तरी उतरायला हवं. दुसऱ्या दिवशी खड्ड्यात पाणी दिसलं तर त्या जमिनीत सपाटीवर चेरी लावायचीच नाही, उंच वाफा करावा लागतो.

रोजचं पाणी बंद करा. माती बोटभर खोल कोरडी लागली की द्यायचं, आणि दिलं की मुळांच्या खोलीपर्यंत भिजेल इतकं. आळं दुहेरी करा: बुंध्याभोवती मातीचा उंचवटा, त्याच्याबाहेर पाण्याची चारी. बुंधा नेहमी कोरडा राहिला पाहिजे. वर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, तेही बुंध्यापासून वीतभर दूर. फळ रंगायला लागण्याआधीपासून ते तोडणीपर्यंत ओलावा एकसारखा हवा, कोरडं-ओलं-कोरडं असा झोका नको.

खत मोजण्यासाठी मी पुस्तकातले आकडे वापरत नाही, फांदी मोजते. फळावर आलेल्या झाडाचे नवे शेंडे वर्षात २० ते ३० सेंटीमीटर वाढले तर पोषण ठीक आहे. लहान झाड अर्धा मीटर किंवा थोडं जास्त वाढतं. मीटरभर लांब, जाड, सरळसोट फुटवे निघत असतील, तर नत्र जास्त होतंय. अशी मऊ वाढ माव्याला आवडते, थंडीत भाजते आणि कँकरलाही बळी पडते. तुमचं दोनदाचं खत एकदा करा: कळ्या फुगायच्या सुमाराला कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, फांद्यांच्या घेराखाली पसरून. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात नत्र अजिबात नाही.

आणि आता ती गोष्ट, जी फळं संपल्यावर सगळे विसरतात. पुढच्या वर्षीच्या फुलांच्या कळ्या झाड याच उन्हाळ्यात, तोडणीनंतरच्या आठवड्यांत घडवतं. फळं उतरली म्हणून जाळी काढली, पाणी थांबवलं, पानांवर ठिपके पडू दिले, की त्याचं बिल पुढच्या वसंतात येतं. पानं अकाली गळालेल्या झाडाच्या कळ्या अशक्त राहतात. याच काळात कडक उष्मा, ३० अंशांच्या वर बरेच दिवस, मिळाला तर फुलात दोन स्त्रीकेसर तयार होतात आणि पुढच्या वर्षी जुळी, चिकटलेली फळं दिसतात. त्यांना घाबरू नका, खायला चांगली असतात. पण फळ जुळं आलं तर कारण मागच्या उन्हाळ्यात शोधावं लागतं. चेरीचं वर्ष माझ्या वहीत तोडणीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतं.

छाटणी किती करायची? गोड चेरी दोन वर्षांच्या आणि त्याहून जुन्या लाकडावर, आखूड, गाठीगाठीच्या डहाळ्यांवर फळते. यांना स्पर म्हणतात. एक स्पर वर्षानुवर्षं फळ देतो. त्यामुळे मोठं झालेल्या गोड चेरीला थोडकीच छाटणी लागते: मेलेलं, एकमेकांवर घासणारं, आत वळलेलं लाकूड आणि सरळ वर गेलेले पाणसोट. पाचवा हिस्सा काढला तरी पुष्कळ झालं. आंबट चेरीचं, विशेषतः मोरेलोचं, गणित उलटं. ती मागच्या वर्षीच्या कोवळ्या काड्यांवर फळते. फळून झालेली काडी काढून नव्या फुटव्याला जागा दिली नाही, तर चार-पाच वर्षांत झाड मधे उघडं आणि टोकाला फक्त झिपऱ्या असं होतं. आपल्याकडे कोणती आहे हे ठाऊक नसताना सिकेटर उचलू नये.

लहान झाडासाठी माझं आवडतं हत्यार म्हणजे कपडे वाळत घालायचा चिमटा. चेरीची ओढ सरळ वर जाण्याची. फांद्या खोडाशी अरुंद कोन करून वाढतात आणि पुढे फळांच्या वजनाने किंवा वाऱ्याने तिथेच चिरतात. फुटवा बोटभर असताना त्याच्या वर खोडाला चिमटा लावला, की तो बाहेर झुकून रुंद कोन धरतो. नंतर दोरीने ओढत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. आडव्या झालेल्या फांदीवर स्परही लवकर येतात.

पक्ष्यांवर उपाय एकच, जाळी. चकचकीत पट्ट्या, आरसे, बुजगावणी यांचा वचक फार तर आठवडाभर टिकतो. जाळी फळांवर रंग चढू लागताच, पण सगळी फुलं गळाल्यानंतर. झाडावर नुसती फेकू नका, बांबूचा सांगाडा करून त्यावर ताणा. भोकं पाच मिलिमीटरपेक्षा लहान घ्या. मोठ्या भोकांत पक्षी, वटवाघळं, साप अडकून मरतात, सैल जाळीत तर हमखास. चार फळांसाठी ते पाप नको.

पिकायच्या वेळी पाऊस आला की फळं तडकतात. पाणी सालीतून थेट आत शिरतं, साखर जितकी जास्त तितकं जोरात, आणि साल फाटते. मोठ्या बागांचे मालक पावसानंतर हेलिकॉप्टर भाड्याने घेऊन झाडांवरून उडवतात, वाऱ्याने फळं सुकावीत म्हणून. आपण फांद्या हलवायच्या. देठाशी साचलेला थेंब झटकला गेला तरी बराच फरक पडतो.

चेरी तोडल्यावर पिकत नाही. झाडावर जेवढी गोडी आली तेवढीच. रंग आला म्हणून घाई करू नका, चाखून ठरवा. तोडताना फळ नाही, देठ धरा आणि हलकेच वर पिळा. ओढून तोडलं की देठाबरोबर स्पर उखडतो, आणि त्याबरोबर पुढच्या कित्येक वर्षांची फळं. लहान मुलांना तोडायला द्यायचं असेल तर कात्री द्या आणि देठच कापायला सांगा. याच वेळी हेही सांगा की आठळी चावायची नाही. आठळीतल्या बीमध्ये आणि पानांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. चुकून अख्खी गिळली तर ती तशीच बाहेर पडते, पण फोडून खाऊ नये. सुकत चाललेली पानं जनावरांना जास्त घातक, म्हणून छाटलेल्या फांद्या गायी-बकऱ्यांपुढे टाकू नका.

किडींत काळा मावा पहिला. शेंड्याची पानं गुंडाळली जातात, चिकट होतात, मुंग्यांची रांग लागते. सुरुवातीलाच शेंडा खुडून टाकला किंवा साबणाचं पातळ पाणी मारलं तर भागतं. मुंग्यांना अडवायला बुंध्याला चिकट पट्टी बांधा. फळात पांढरी अळी निघत असेल तर ती फळमाशीची. तिचे कोष झाडाखालच्या मातीत हिवाळा काढतात, म्हणून पडलेलं एकही फळ खाली राहू देऊ नका, आणि झाडावरही एकही विसरलेलं फळ ठेवू नका. पिवळे चिकट सापळे माशी कधी आली ते सांगतात. ठिपकेदार पंखांची ड्रोसोफिला ही जास्त त्रासदायक. पूर्व आशियातली ही माशी २००८ मध्ये युरोप आणि उत्तर अमेरिकेत आढळली. बाकीच्या चिलटांसारखी ती सडक्या फळावर थांबत नाही, करवती अवयवाने चांगल्या, पिकत्या फळाची साल कापून आत अंडी घालते. ती असेल तर मिलिमीटरभर भोकांची बारीक जाळीच लागते. शंका असल्यास मूठभर फळं मिठाच्या पाण्यात टाका. अळ्या असतील तर थोड्या वेळात बाहेर येतात. बहरातच फुलं तपकिरी होऊन चिकटून राहिली, किंवा फळांवर राखाडी पुटकुळ्या आल्या, तर ती तपकिरी कूज. वाळून झाडावरच राहिलेली फळं काढून टाकणं हा तिच्यावरचा निम्मा इलाज.

आता दुसरं झाड. जागा कमी असेल आणि पहिल्या झाडासाठी जोडीही हवी असेल, तर स्टेला घ्या. पण जातीइतकंच महत्त्व खुंटाला, म्हणजे ज्या मुळांवर कलम बांधलेलं असतं त्या खालच्या झाडाला आहे, आणि कलम घेताना तेच कुणी विचारत नाही. मॅझार्ड खुंटावरची चेरी आठ-दहा मीटर जाते आणि फळायला पाच-सात वर्षं घेते. कोल्ट मध्यम, चार-पाच मीटर. जिझेला ५ वरचं झाड अडीच-तीन मीटरवर थांबतं, तिसऱ्या वर्षी फळतं, जाळीखाली मावतं. फक्त त्याला कायमचा आधार द्यावा लागतो, जमीन सुपीक लागते, आणि छाटलं नाही तर ते इतकं फळतं की फळं बारीक राहतात. महालेब खुंट रेताड, चुनखडीच्या कोरड्या जमिनीला चांगला, ओल मात्र अजिबात सोसत नाही. घरच्या बागेसाठी मी डोळे झाकून जिझेला म्हणेन. पन्नास-साठ लिटरच्या कुंडीतही तोच तग धरतो. बी रुजवून झाड करायचा हट्ट नको. रोप आईसारखं निघत नाही आणि फळाची वाट सात-दहा वर्षं बघावी लागते.

ज्यांच्याकडे हिवाळा सौम्य आहे त्यांनी मिनी रॉयल आणि रॉयल ली या दोन जाती जोडीने लावून पाहाव्यात. चारशे-पाचशे तासांच्या थंडीत त्या फुलतात, पण एकमेकींशिवाय फळत नाहीत. थंडी त्याहूनही कमी असेल तर चेरीचा नाद सोडून बार्बाडोस चेरी किंवा सिंगापूर चेरी लावावी. नात्याने त्या चेरी नव्हेत, पण उष्ण हवेत आनंदाने फळतात.

लावताना झाड सुप्तावस्थेत असावं, दिवसभर ऊन मिळणारी पण बर्फाळ हवा साचून न राहणारी जागा असावी, आणि कलमाचा सांधा मातीच्या चार बोटं वर राहावा. सांधा मातीत गेला तर वरच्या जातीला स्वतःची मुळं फुटतात आणि बुटका खुंट घेतल्याचा उपयोगच संपतो. खड्ड्यात ताजं खत नाही, रासायनिक तर नाहीच. निघालेली मातीच परत घाला. पहिली दोन वर्षं बुंध्याला निम्मं पाणी मिसळलेला पांढरा घरगुती रंग लावा. हिवाळ्यात दुपारच्या उन्हाने तापलेली साल रात्री एकदम गोठून उभी चिरते, ती चिरत नाही.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न, जुनं झाड काढावं का. या उन्हाळ्यात खोडावरचा चट्टा दोरीने मोजा. खोडाच्या घेराच्या निम्म्याहून कमी असेल तर झाड ठेवा. छाटणीचा महिना बदला, पाणी कमी करा, जोडी द्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मोजा. चट्टा वाढला नसेल आणि कडेने सालीचा फुगीर, निरोगी ओठ तयार होत असेल, तर झाडाने बाजी सावरली. चट्टा निम्म्याच्या पुढे गेला असेल, किंवा मातीलगतची साल सगळ्या बाजूंनी मऊ लागत असेल, तर काढलेलंच बरं. मुळांसकट काढा, आणि नवं कलम त्याच खड्ड्यात लावू नका, निदान चार-पाच मीटर दूर जा. जुन्या जागी दोन-चार वर्षं भाजी करा, फक्त टोमॅटो, मिरची, वांगी, बटाटा नको. मर रोगाची बुरशी त्यांच्यावर पोसते आणि चेरीलाही लागते.